बेगमी

मे महिन्यात दिवसा कॉपी करायची नाही,
हे मी दोन हार्डडिस्क घालवून शिकले.
देवपुरात दुपारी चव्वेचाळीस डिग्री,
कूलर नुसता ओल्या वाळ्याचा वास फेकतो
आणि डिस्क आतून टक् टक् करते,
पाल चुकचुकावी तशी.
म्हणून रात्री अकरानंतर,
गच्चीवरच्या खोलीत, दार सताड उघडं टाकून.

पहिल्या खोक्यात सीड्या.
पाच कंदिलाजवळच्या भटू शिंपीच्या दुकानातल्या,
चाळीसला एक, दोन घेतल्या तर सत्तर.
वर त्याच्या मार्करने लिहिलेली नावं,
स्पेलिंग दर वेळी वेगळं.
एकीचा चंदेरी पापुद्रा सुटलाय
कांद्याच्या सालीसारखा,
उजेडाकडे धरली तर आरपार शेजारची टाकी दिसते.
ती वाचत नाही. तरी फेकवत नाही.

मग विकत घेतलेले, बिलासकट,
पहिल्या पगारापासूनचे.
त्यातल्या अकरांचं दुकानच उठलं.
एका सकाळी ईमेल आली, फार नम्र:
तुम्ही खेळ नव्हता घेतला, परवानगी घेतली होती.
तेव्हापासून जे उतरवून घेता येतं
ते मी उतरवून घेते,
इन्स्टॉलर, पॅच, नकाशे, की-नंबरांची वही
आणि सेव्ह फायली.
त्या सगळ्यात लहान. त्याच राहून जातात.

आई गोधडी घेऊन गच्चीवर झोपायला आली.
"काय करी ऱ्हायनी व इतली रातले?"
म्हटलं, खेळ भरून ठेवतेय.
"कितला?"
दोन टीबी.
तिनं मान हलवली, जणू दोन पोती म्हटलं.
"आनि समदा एकच कनगीमा?"

मी गप्प.
तिच्या माहेरी, कापडण्याला, बाजरीचं बी
थोडं मडक्यात राखेत,
थोडं काकाच्या घरी,
थोडं आढ्याला टांगलेल्या वाळक्या भोपळ्यात.
उंदीर शिरला तर एका घरात शिरतो.
एवढंच.
मला ते कळायला सहाशे जीबी द्यावे लागले.

आता एक प्रत इथे.
एक नंदुरबारला, मावसभाऊ हिरामणकडे,
सांगितलंय खणात ठेव, पोरांच्या हाती देऊ नको,
म्हणजे त्यानं दिलीच असणार.
तिसरी बँकेच्या लॉकरात,
आईच्या पोतीशेजारी, लोणच्याच्या बरणीत,
बुटांच्या खोक्यातून जमवलेल्या
त्या 'खाऊ नका' लिहिलेल्या पुड्यांसोबत.
किल्ली फिरवता फिरवता बाविस्कर मॅडम म्हणाल्या,
नवीन काही केलं वाटतं?
म्हटलं, नाही, जुनंच आहे.

पहाटे तीनला शंभर टक्के.
पण शंभर टक्क्यांना अर्थ नसतो
उघडून पाहिल्याशिवाय,
दाणा दाताखाली धरून पाहतात तसं.
मी एक फाइल उघडली, हाताला आली ती.
सप्टेंबर दोन हजार सात.

तो उभा होता.
किल्ल्याच्या दाराशी, हातात पलिता,
पावभर जीव शिल्लक.
बी.एस्सी.चा पेपर होता उद्या,
नंतर बघू म्हणून सोडलेला.
छाती वर होत होती, खाली होत होती.
त्याच्या मागे बर्फ पडत होतं,
धुळ्यात, मे महिन्यात, न थांबता.

आईला झोप नव्हतीच. खांद्यावरून बघत राहिली.
"कव्हयना उभा शे हाऊ?"
झाली असतील सतरा-अठरा वर्षं, म्हटलं.
"मंग बस म्हन ना त्याले."

मी एकेक बटण दाबून पाहिलं.
तो उडी मारतो, वाकतो, तलवार उपसतो.
बसत नाही.